मी मीच असल्याचा दाखला

इंग्लंडात दारू विकायची तर दुकानाला वेगळं लायसन्स आणि माणसाला वेगळं. आमच्या वडापावच्या दुकानात बिअर ठेवायची ठरली आणि माणूस म्हणून सगळ्यांनी मला पुढे ढकललं. परीक्षा झाली. चाळीस प्रश्नांतून ज्ञान मिळालं ते हे, की इथे पाच वर्षांखालच्या पोराला दारू पाजणं गुन्हा आहे. पाचव्या वाढदिवसाला काय करतात, ते विचारायचं राहिलं.

गुन्ह्यांची नोंद नसल्याचा दाखला आला, फीचे ३७ पौंड काढून ठेवले. अडलं ते फोटोवर. दोन फोटो, ४५ बाय ३५ मिलिमीटर. त्यातल्या एकावर 'हा यांचाच चेहरा' असं लिहून सही करायला वकील, नोटरी, कुणी व्यावसायिक पदवीवाला किंवा समाजातली प्रतिष्ठित व्यक्ती हवी. वकिलाचा भाव ऐकून मी ओळखीच्या काकांकडे गेलो. काका निवृत्त दातांचे डॉक्टर.

काकांनी फोटो खिडकीशी नेला. "हा तू?"

"हो, काका."

"मला खोटं लिहायचं नाही हं. आ कर."

"काका, फोटोत तोंड मिटलंय."

"दात बघितल्याशिवाय मी कुणाला ओळखत नाही."

मी आ केला. काकांनी मोबाइलचा टॉर्च मारला. "खालची उजवी दाढ कुणी भरली? गवंड्यानं?"

"अहो, सही करा, पोहे गार होतायत," काकू आतून ओरडल्या.

"कशासाठी हवंय हे?"

आ केलेल्या तोंडानेच मी सांगितलं. काकांनी टॉर्च विझवला. "मुंबईत आम्ही पिण्याचं परमिट काढायचो. प्रकृतीसाठी! त्यात एक सभ्यपणा होता. तू विकणार?" मग आवाज खाली आणून, "कुठली ठेवताय?"

सही शाईपेनाने झाली. काकांनीच दोन्ही फोटो घाईने पाकिटात कोंबले आणि त्यांची ओली सही दुसऱ्या फोटोतल्या माझ्या गालावर उमटली. अर्ज परत.

तोवर तो दाखला महिन्याहून जुना झाला. मी गुन्हेगार नाही हे इथे महिनाभरच टिकतं, पुढच्या महिन्याचे पैसे वेगळे. आणि गल्ल्यावर बसून प्रत्यक्ष बाटली विकणाऱ्या पोराला यातलं काही लागत नाही! लायसन्सवाल्याने 'विक' म्हटलं की झालं. म्हणजे हे सगळे हाल नुसतं 'विक' म्हणायला.

काकांना पुन्हा फोन केला. "ये की. पण या वेळी हसरा फोटो आण, दात दिसले की मला सोपं जाईल."

हसरा चालतो का, म्हणून लायसन्स देणाऱ्या कौन्सिलला ईमेल टाकलाय. उत्तर नाही. नवा दाखलाही जुना होतोय.