करंगळी आकड्यात की आकड्यावर? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. वरातीत तासन्‌तास चालत ट्रम्पेट वाजवणारे कसलेले वादक उजव्या हाताची करंगळी वाद्याच्या नळीवरील आकड्यात (बोट अडकवायच्या वळलेल्या कडेत) अडकवूनच वाजवतात, तेव्हा नवशिक्याने ती आकड्यावर नुसती टेकवावी हा माझा आग्रह पुस्तकी आहे, आणि लहान हातांच्या मुलांचा मी विचारच केलेला नाही, असे आपले दोन आक्षेप आहेत.

पहिल्यातील निरीक्षण खरे आहे. चालताना वाद्य हिंदकळते, ते सावरायला आकडा उपयोगी पडतो. डाव्या हाताने पान उलटताना किंवा म्यूट (आवाज दबका करणारे बूच) बसवतानाही तो लागतो. त्यामुळे ‘करंगळी आकड्यात कधीही घालू नये’ हे माझे विधान मी मागे घेतो. परंतु त्या वादकांचे ओठ आणि श्वास वर्षानुवर्षांच्या रियाजाने तयार झालेले असतात. नवशिक्याला वरचा स्वर लागेना की त्याची करंगळी नकळत आकडा मागे ओढते, माउथपीस ओठांवर दाबला जातो, ओठांचे कंपन आखडते, आणि तरीही जोर लावला म्हणूनच स्वर लागला अशी त्याची समजूत होऊन बसते. ही सवय पुढे फार चिवट ठरते. शिवाय करंगळी आणि अनामिका यांच्या कंडरा एकमेकींशी जोडलेल्या असल्याने करंगळी अडकली की तिसरा व्हॉल्व्ह (स्वर बदलण्याचे बटण) दाबणारी अनामिकाही जड पडते. करंगळी तळहाताशी घट्ट दाबून अनामिका हलवून पाहावी, म्हणजे हे लगेच जाणवेल.

म्हणून वाद्याचा सुमारे एक किलोचा भार डाव्या हातानेच पेलावा, आणि उजवा हात मोसंबे धरल्यासारखा गोलसर ठेवून बोटांची टोके बटणांवर असावीत. उजवा हात पूर्णपणे काढून घेतल्यावरही ट्रम्पेट जागचा हलता कामा नये.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. लहान मुलाच्या डाव्या हाताची अनामिका तिसऱ्या स्लाइडच्या (तिसऱ्या व्हॉल्व्हच्या सरकत्या नळीच्या) कडीपर्यंत पोहोचताना मनगट वाकत असेल, तर मधले बोट कडीत घालावे आणि उरलेली दोन बोटे त्या स्लाइडखाली आधाराला घ्यावीत. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखेच, पण आखूड दिसणारे वाद्य) मिळाल्यास उत्तमच, कारण तेवढ्याच लांबीची नळी अधिक वेटोळी असल्याने तिचा भार अंगाजवळ राहतो. मात्र कडीतल्या बोटावर वजन येऊ देऊ नये. कारण खालचे डी आणि सी शार्प हे स्वर हवे त्यापेक्षा चढे लागतात आणि ते उतरवण्यासाठी त्याच बोटाने स्लाइड बाहेर सरकवावी लागते.