आप्पा, ‘भुसावळात बसून’बद्दल

आप्पा, अमेरिकेच्या सिक्युरिटी क्लिअरन्सवर (तिथल्या गोपनीय सरकारी कामासाठी लागणारी मंजुरी) मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. जशीच्या तशी देतो: “भुसावळात बसून अमेरिकेच्या सिक्युरिटी क्लिअरन्सवर प्रवचन झोडू नका. माझ्या साडूच्या पोरानं गावाकडचे सगळे नातेवाईक लिहिले आणि तिथंच अडकला. भारतातल्या शेतजमिनीचं काय, ते लिहिलंच नाही. फॉर्मचा नंबरही चुकलाय.”

नंबर चुकला, मान्य. त्या मंजुरीसाठी भरायचा फॉर्म एसएफ-८५ नव्हे, एसएफ-८६. दुरुस्त केलाय.

आता ते ‘भुसावळात बसून’. का भो, भुसावळात बसणं गुन्हा आहे? १९८६ साली मी इथल्याच संरक्षण कारखान्यात लागलो, तेव्हा ॲटेस्टेशन फॉर्म (पोलिस चौकशीसाठी स्वतःची नि घरच्यांची माहिती) भरला होता. थोरला भाऊ मस्कतला. अख्खी गल्ली सांगत होती, त्याचं नाव टाकू नको, हातची नोकरी जाईल. मी टाकलं. हवालदार चौकशीला आला, ओट्यावर बसला, आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्याला आणि एवढंच विचारलं, “भाऊ पैसे किती धाडतो?” ३१ वर्षं नोकरी केली त्यानंतर. तेव्हा ‘प्रवचन’ जरा जपून म्हणा.

आणि भाच्याचा तो एसएफ-८६ फॉर्म. रात्री साडेअकराला व्हर्जिनियाहून फोन, “मामा, आईची खरी जन्मतारीख कोणती?” दाखल्यावर १ जून (गुरुजींनी आमचा अर्धा गाव १ जूनलाच जन्माला घातलाय), आमची आई म्हणायची आखाजीच्या आदल्या दिवशी. पासपोर्टवरची लिहिली. पोरगा अमेरिकेचा नागरिक, आईवडील भारतीय, सगळं लिहिलं. मलाही लिहिलं, कारण गेल्या ७ वर्षांत ज्या परदेशी नागरिकांशी जवळचा, सततचा संबंध आहे ते तिथं विचारतात, आणि आमचा व्हिडिओ कॉल दर रविवारी. वर मी भारत सरकारचा पेन्शनर, तेही लिहिलं. चौदा महिने लागले, पण क्लिअरन्स मिळालं.

क्लिअरन्स द्यायचं की नाही हे ठरवायला तिथं १३ कसोट्या आहेत, त्यात ‘बी’ परकीय प्रभावाची. नातेवाईक आहेत म्हणून कुणी बाद होत नाही. ते कोणत्या देशात, कुणाच्या चाकरीत, त्यांना धरून तुमच्यावर दबाव आणता येईल का, हे बघतात. लपवलंत तर मात्र तो वेगळा गुन्हा, ५ वर्षांपर्यंत कैद. साडूच्या पोराला नाकारलं असेल तर कारणं लेखी मिळाली असतील. ती वाचलीत का तुम्ही? की लग्नात पंगतीला ऐकलं?

राहिली शेतजमीन. परदेशातली मालमत्ता विचारतात, हो. आमची रावेरची साडेतीन एकर केळी ताईच्या नावावर, भाच्याच्या नाही, म्हणून आम्हाला तो प्रश्न आलाच नाही. तुमच्याकडे सातबारा पोराच्या नावावर असेल तर ते तुम्ही बघा.