वळकटी माप घेत नाही

साप मांजराचं माप घेत नाही. हे मला स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच सापासमोर उभं राहून तासभर समजावून सांगावं लागलं. आणि एवढं करून निर्दयी कोण ठरलं, तर मी.

ओळखीच्यांच्या ओळखीतले एक काका आले होते. काम दोन मिनिटांत उरकलं, तेवढ्यात त्यांना आतल्या खोलीतली काच दिसली. काचेमागे वळकटी, म्हणजे आमचा बॉल पायथन, छोट्या जातीचा बिनविषारी अजगर. चार फुटांच्या आतला, बहुतेक वेळ गुंडाळून पडलेला, म्हणून हे नाव. पेटीच्या छतावर ठमी, आमची मांजर. छत उबदार असतं म्हणून ती तिथे बसते, बाकी काही नाही.

"हा हिला खाणार," काका म्हणाले.

"नाही खात."

"अजून नाही खाल्लं असं म्हणा." मग आवाज खाली आणून, "हा कधी सरळ होऊन पडतो का?"

"रात्री फिरतो तेव्हा होतो की सरळ."

"झालं तर! माप घेतोय."

ती गोष्ट मग आलीच. एका बाईंचा अजगर जेवेना, रोज रात्री त्यांच्या शेजारी लांबलचक होऊन झोपे, शेवटी डॉक्टर म्हणाले की बाई, तो तुमचं माप घेतोय. ही बाई जगातल्या प्रत्येक सापवाल्याच्या कानावर आलेली आहे, पण तिला पाहिलेला माणूस अजून भेटायचाय. कोण ह्या बाई, असं मी विचारलंच.

"आमच्या साडूंच्या ऑफिसातल्या एकांची बहीण."

सापाला सावज मोजायची गरजच नसते. बॉल पायथन दबा धरून बसणारा शिकारी आहे; समोरून जे जातं त्यावर झडप घालायची की नाही, हे तो त्या क्षणी ठरवतो. आठवडाभर शेजारी झोपून अंदाजपत्रक करत नाही. हे मी सांगत असताना काका खिडकीपाशी पडलेली टेप घेऊन आले होते.

ठमीला मोजण्यात जो वेळ गेला त्याचं वर्णन करायला हवं, कारण तो वेळ माझा होता. पहिला वाद, शेपूट धरायची की नाही. "साप काय शेपूट टाकून देणार आहे?" हा त्यांचा मुद्दा. ठमीने टेपचं टोक पंजाखाली दाबलं, मग चावलं, मग ती टेपवरच आडवी झाली. शेवटी शेपूट वगळून दीड फूट असा निकाल लागला. "दीड. आणि हा चार," काका म्हणाले, "आरामात मावते!"

लांबीचा प्रश्नच नाही हो काका, जाडीचा आहे. सापाला द्यायचा उंदीर त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा असावा, फार तर किंचित जास्त. खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे जोडलेली नसतात, म्हणून तोंड भरपूर ताणलं जातं. पण त्यालाही हद्द आहे, आणि साप लचके तोडत नाही, अख्खं गिळतो. मांजराचे खांदे या तोंडात जात नाहीत. बर्मीज किंवा रेटिक्युलेटेड पायथन, म्हणजे अवाढव्य जातीचा अजगर असता तर काकांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. त्या आकाराच्या सापाला मांजर हे जेवणच, आणि तिथे दोघांना एका घरात ठेवायचं धाडस मीही करणार नाही. पण बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक पाळणाऱ्याने काळजी करायची ती सापाची.

हे मात्र कोणी विचारत नाही. ठमीचा एक दात लागला तरी वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं, पण मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात आणि ते खोल जाऊन बसतात. जखम केवढीही असो, त्याच दिवशी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्यायचं. चावणं राहू द्या, नुसतं टक लावून बघणंही पुरतं. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे बिचाऱ्याला डोळे मिटून दुर्लक्षही करता येत नाही. मांजर काचेला नाक लावून बसलं की तो लपून राहतो, आणि बॉल पायथनला जेवण सोडायला तेवढं निमित्त पुरतं. म्हणून पेटी तीन बाजूंनी बंद, लपायच्या जागा दोन, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. पेटी समोरून उघडणारी, सरकत्या काचांना कुलूप. वरून जाळीचं झाकण असलेल्या टाकीवर चार-पाच किलोचं मांजर रोज झोपलं की जाळी खचते, कडेला फट पडते, आणि जिथून डोकं जातं तिथून अख्खा साप जातो. झाकणावर पुस्तकं ठेवून भागत नाही. साप ती ढकलतो, मांजर ती पाडतं.

तर मोजणी संपली. मला फोन आला. घरचा नियम असा की खोलीत माणूस असेल तरच ठमी आत. तिला बाहेर काढून दार लावलं आणि बोलायला गच्चीत जावं लागलं. ठमीने दारापाशी बसून ठेवणीतला सूर लावला. काकांनी दार उघडलं. "कोंडलं होतं बिचारीला!" अहो, कोंडलेली कुठे? अख्खं घर तिचं आहे, एक खोली तेवढी नाही.

मी परत आले तेव्हा ठमी पेटीमागे होती आणि थर्मोस्टॅटची वायर तिच्या तोंडात. प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं त्याचं टोक, बाहेर जमिनीवर.

यात काय एवढं, असं वाटणाऱ्यांसाठी. पेटीचं उबदार टोक ३१ ते ३३ अंशांवर ठेवायचं, गार टोक २४ ते २७. प्रोब आत असतो तोवर थर्मोस्टॅट ते सांभाळतो. प्रोब खोलीत पडला की त्याला खोलीचे २५ अंश दिसतात, तो समजतो थंडी आहे, आणि हीटर चालूच ठेवतो. आत साप भाजतो, कारण तापलेल्या जागेवरून चटकन उठायचं त्याला कळतच नाही. त्यावर काकांची प्रतिक्रिया: "वायर चावली होती, हिला शॉक बसला असता तर?"

हिला!

आता मागची वायर केसिंग पट्टीत घालून भिंतीला स्क्रूने ठोकली आहे आणि प्रोब आत क्लिपने आवळला आहे. चिकटपट्टी वापरू नये, ती सापाच्या खवल्यांना चिकटते आणि सोडवताना कातडी निघते. शिवाय थर्मोस्टॅटशी संबंध नसलेला दुसरा थर्मामीटर आत.

बाकीच्या गोष्टी काकांपर्यंत पोचल्याच नाहीत. सापाला माइट, म्हणजे अंगावरचे बारीक किडे, झाल्या तर मिळणाऱ्या काही फवाऱ्यांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. थरथर सुटते, झटके येतात, मांजर दगावतंही. घरात मांजर आहे हे फवारा घेण्याआधीच पशुवैद्याला सांगायचं. पेटीत अंथरलेला अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा मांजराला आपलीच शी-शूची जागा वाटतो, त्यामुळे साफसफाई चालू असतानाही काच उघडी टाकून उठायचं नाही. सापाच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो, तेव्हा त्याचं पाण्याचं भांडं स्वयंपाकघरात धुवायचं नाही. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये, मग बंद पिशवीतच साधारण ४० अंशांच्या पाण्यात, आणि हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. उघड्या भांड्यात तरंगणारी पिशवी ठमी तुमच्या आधी बाहेर काढते. मायक्रोवेव्ह तर नकोच, उंदीर कुठे शिजतो, कुठे फुटतो.

आणि मांजराला कुरवाळून तोच हात पेटीत घालू नये. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात. त्याच्या दृष्टीने तुमचा हात म्हणजे केसाळ वासाचं काहीतरी गरम. आधी साबणाने हात धुवा. तरीही चावलाच तर हात ओढू नका, दात मागे वळलेले असतात, ओढल्याने आपली कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. थांबा, नाही सोडलं तर तोंडाशी गार पाणी सोडा. मग जखम साबणाने धुवायची, आणि कोणी विचारलंच तर मांजर चावलं म्हणून सांगायचं. तेवढ्यावर कोणी टेप मागत नाही.