टिकल्यांची बंदूक आणि सहा मुद्द्यांचा फॉरवर्ड

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एक निरोप हजर होतो. मजकूर दरवर्षी तोच, वरच्या पणत्यांचं चित्र तेवढं बदलतं. सुरुवात अशी : "मुलांच्या हातात खेळण्यातली बंदूक देणारे पालक उद्याचे गुन्हेगार घडवत आहेत." खाली सहा मुद्दे, आणि शेवटी "किमान दहा पालकांपर्यंत पोचवा". यंदा तो मला चार ठिकाणांहून आला, त्यातला एक माझ्या मामेबहिणीकडून. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला गेल्या दिवाळीत टिकल्यांची बंदूक मीच दिली होती. तेव्हा हा निरोप नेमका कोणासाठी आहे हे कळायला फार डोकं लागत नाही. मग उत्तरही नीटच देते.

पहिला मुद्दा : "बंदुकीने खेळणारी मुलं मोठेपणी गुन्हेगार होतात, हे मानसशास्त्राने सिद्ध केलं आहे."

असं काही सिद्ध झालेलं नाही. या वादात हटकून पुढे केला जाणारा प्रयोग १९६७ सालचा, बर्कोविट्झ आणि लपेज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा. त्यांनी विद्यापीठातल्या तरुणांना आधी चिडवलं आणि मग चिडवणाऱ्याला विजेचे झटके देण्याची संधी दिली. टेबलावर खरी बंदूक आणि रिव्हॉल्व्हर ठेवलेलं असलं की चिडलेली पोरं जास्त झटके देत. त्याच जागी बॅडमिंटनच्या रॅकेटी आणि शटल असली की कमी. प्रयोग गाजला, त्यावर पुढे वादही बरेच झाले. पण त्यात लहान मुलं नव्हती, खेळणी नव्हती आणि खेळही नव्हता. चिडलेल्या वीस वर्षांच्या तरुणाची गोष्ट चोर-पोलीस खेळणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला कशी चिकटवायची?

मुलांवरचे अभ्यासही आहेत, आणि त्यातला एक माझ्या विरोधात जातो, तो लपवत नाही. १९९२ साली वॉटसन आणि पेंग या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांची ३६ मुलं पाळणाघरात पाहिली. बंदुकांशी जास्त खेळणारे मुलगे खरोखरची मारामारीही जास्त करत होते. आता यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे आधीच दांडगट असलेलं पोर खेळण्यांच्या ढिगातून बंदूकच उचलणार. दांडगाई बंदुकीने आली की बंदूक दांडगाईने, हे अशा अभ्यासातून सांगता येत नाही. दुसरी गोष्ट फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. त्याच अभ्यासात ज्या मुलांना घरी मार बसत होता ती जास्त मारामारी करत होती, आणि हे मुलगे आणि मुली दोघांतही दिसलं. "मुलांना फटके देऊ नका, दहा पालकांना पाठवा" असा निरोप मला आजवर एकदाही आलेला नाही.

२०१८ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, मुलांची संख्या बरीच मोठी. पाचव्या वर्षी खेळण्यातल्या शस्त्रांशी खेळणारी मुलं पंधराव्या वर्षी गुन्ह्यांकडे वळतात का, हा प्रश्न. मुलगा की मुलगी, मानसिक स्वास्थ्य कसं होतं, या गोष्टी हिशोबात घेतल्यावर संबंध उरला नाही.

आणि अभ्यास बाजूला ठेवून जरा खाली पार्किंगमध्ये जाऊन बघा. "मेलास, मेलास तू!" "हट्, लागलीच नाही!" "मग मी परत सुरुवात करणार." गोळ्या झाडायला लागतात दोन मिनिटं, आणि कोण मेलं, किती आकडे मोजून जिवंत व्हायचं, कोणाला कच्चा लिंबू धरायचं यावर वाटाघाटी चालतात अर्धा तास. खरं भांडण झालं की बंदूक जमिनीवर पडते आणि हात केसांत जातो. हा फरक पोरांना कळतो. बाल्कनीतून ओरडणाऱ्या आपल्याला कळत नाही.

दुसरा मुद्दा : "स्वीडनने १९७९ मध्येच बंदी घातली, आपण कधी शिकणार?"

हे अर्धं खरं आहे. १९७९ मध्ये स्वीडनमध्ये सरकारी ग्राहक खातं आणि खेळणी विकणारे व्यापारी यांच्यात युद्धाची खेळणी न विकण्याचा समझोता झाला. मूल बंदुकीशी खेळताना दिसलं की पोलीस आले, असला तो प्रकार नव्हता. पण त्याच देशाने त्याच वर्षी, १ जुलै १९७९ पासून, एक खराखुरा कायदा लागू केला : आई-वडिलांनीसुद्धा मुलांवर हात उगारायचा नाही. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली छडी बंद केली. घरातली अजून संस्कार म्हणून मिरवते. स्वीडनकडून शिकायचंच असेल तर माझी ना नाही, फक्त दोन्ही गोष्टी घ्या.

तिसरा : "अमेरिकेत शाळांमध्ये गोळीबार होतात, कारण तिथली मुलं लहानपणापासून बंदुकांशी खेळतात."

खेळतात ना, पण जपानमध्येही खेळतात. हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकांचा जन्मच जपानचा, १९७० च्या दशकातला. खरी बंदूक बाळगणं तिथे जवळजवळ अशक्य, म्हणून हौशी लोकांनी खोटी काढली. त्या देशात बंदुकीने मरणाऱ्यांचा वर्षाचा आकडा बोटांवर मोजण्याच्या आसपास असतो. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात ४८,८३० माणसं बंदुकीने मेली. २०२० पासून तिथल्या मुला-किशोरांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, आजार नाही, मोटार अपघात नाही. खेळणी दोन्हीकडे आहेत. वडिलांच्या कपाटातली खरी, भरलेली बंदूक एकाच देशात सर्रास सापडते.

इथे मात्र फॉरवर्डवाल्यांना एक गोष्ट मी आपणहून देते, त्यांनी मांडली नसली तरी. खेळण्यातली बंदूक खऱ्यासारखी दिसता कामा नये. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने तिच्या तोंडाशी भडक नारिंगी बोंड लावणं सक्तीचं केलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलंड शहरातल्या बागेत तामिर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा अशाच एका नकली पिस्तुलाशी खेळत होता, आणि तिचं नारिंगी बोंड निघालेलं होतं. पोलिसांची गाडी आली आणि काही सेकंदांत त्याच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो गेला. आपल्याकडचे पोलीस असे धावून येत नाहीत हे मान्य, पण काळंकुळकुळीत, वजनदार पिस्तूल पोराच्या हातात देण्यापेक्षा पोपटी-गुलाबी दिलेलं बरं. विमानाच्या केबिनमध्ये तर कुठल्याच रंगाचं नेऊ देत नाहीत. गोव्याच्या सहलीत एका ओळखीच्या कुटुंबाला सुरक्षा तपासणीपाशी लेकाचा लाडका जिन्नस सोडून यावा लागला. मागचं रडगाणं पनवेलपर्यंत पुरलं म्हणे.

चौथा : "आपल्या संस्कृतीत मुलांच्या हातात कधी शस्त्र नव्हतं. हे पाश्चात्त्यांचं खूळ."

हे वाचून मला हसू आवरलं नाही. हा निरोप यायच्या काहीच दिवस आधी खंडेनवमी होऊन गेलेली असते, आणि घरात तलवार नसेल तर विळी-कोयत्याला, निदान गाडीला फूल वाहून आपण शस्त्रपूजा उरकलेली असते. आणि निरोप येतो तेव्हा खाली पोरं मातीचा किल्ला रचत असतात : बुरुजावर तोफा, दरवाजात भालदार, चढणीवर ढाल-तलवार घेतलेले मावळे, उगवायला टाकलेले आळीव. शिवजयंतीच्या मिरवणुकीत याच आया-बाबांच्या कडेवरच्या पोरांकडे प्लास्टिकची तलवार असते. ती चालते?

बरं, बंदूकच हवी असेल तर छत्तीसगडमधल्या बस्तरकडे बघा. जगदलपूरला रथयात्रेच्या वेळी गोंचा उत्सव असतो. त्यात बांबूच्या नळीत पेंग नावाची हिरवी फळं ठासून, दांडा मारून उडवतात. तिचं नाव तुपकी. आपल्या जुन्या 'तीर-तुपक' मधलीच ती तुपक. लहानथोर सगळे एकमेकांवर फळं झाडतात, आणि ती जगन्नाथाला दिलेली सलामी मानली जाते.

पाचवा मुद्दा, "घरात बंदूक आणली नाही की मुलाच्या डोक्यात तो विचारच येत नाही." हे लिहिणाऱ्याच्या घरात बहुधा मूल नसावं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये सात वर्षांच्या एका मुलाला शाळेने दोन दिवस घरी बसवलं. गुन्हा काय, तर पेस्ट्री कुरतडता कुरतडता तिला बंदुकीचा आकार आला. माझ्या भाच्याने पोळीचं केलंय, पट्टीचं केलंय, आजोबांच्या काठीचं केलंय. काहीच नसलं की दोन बोटं असतातच. बोटं जप्त करता येत नाहीत.

राहिला सहावा : "टिकल्यांच्या दारूने मुलांचे डोळे जातात."

चिंता बरोबर आहे, बोट मात्र भलतीकडे दाखवलंय. टिकल्याही निर्धोक नाहीत. कानाशी वाजवल्या तर कानाला वाईट, खिशात मूठभर कोंबल्या तर घासून पेट घेऊ शकतात, आणि दगडाने पूर्ण पाकीट ठेचायचा मोह कुठल्या पोराला होत नाही? तरी बंदुकीतून एकेक वाजवणं हा त्यातला सगळ्यात सोज्वळ प्रकार. त्याहून जास्त भीती मला जत्रेत मिळणाऱ्या पिवळ्या छऱ्यांच्या बंदुकीची वाटते, कारण त्यातून खरोखर काहीतरी बाहेर पडतं. छर्रा डोळ्यावर बसला तर आत रक्त साकळतं, नजरही जाऊ शकते. खेळणं आहे म्हणून तो हळू लागत नाही. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, पण जत्रेतल्या पथाऱ्यांवर ते कोण शोधतो?

आणि खरा घात यातल्या कशानेच केला नाही. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ, विदिशा आणि मध्य प्रदेशातल्या इतर भागांत 'कार्बाईड गन' नावाचा प्रकार विकला गेला, दीडशे-दोनशे रुपयांना. प्लास्टिकचा पाइप, मागे लायटर, आत कॅल्शियम कार्बाईडचे खडे आणि पाणी. कार्बाईड म्हणजे आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच. पाण्यात पडलं की त्यातून वेल्डिंगवाले वापरतात तो ॲसिटिलीन वायू निघतो, ठिणगीने त्याचा बार उडतो. वायू जमायला वेळ लागतो. बार झाला नाही की पोरगं नळीत डोकावतं, आणि नेमका तेव्हाच तो होतो. शंभराहून जास्त जण, बहुतेक मुलं, डोळे घेऊन रुग्णालयात पोचले. काहींची दृष्टी गेली. भाजण्याबरोबर त्यात आणखी एक गोष्ट असते : कार्बाईड आणि पाण्यातून मागे उरतो तो चुना. पानाच्या डबीतला चुना डोळ्यात गेल्यावर काय होतं ते आपल्या आज्यांना माहीत होतं. हा तोच, बुबुळावर वेगाने फेकलेला, आणि ॲसिडपेक्षाही खोल मुरत जाणारा. असं कधी झालंच तर डोळा चोळायचा नाही, तूप-दूध-गुलाबपाणी काही घालायचं नाही. नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटं सतत धुवायचा आणि तडक रुग्णालय गाठायचं.

परवा मी भाच्यासाठी टिकल्यांचे रोल घ्यायला गेले. फटाक्यांच्या गाळ्यावरच्या माणसाने दोन रोल पुढे सरकवले आणि टेबलाखालून एक पांढरा पाइप अर्धा वर काढून दाखवला. "हे न्या ताई, टिकल्यांचा खर्च नाही. पुडी वेगळी मिळेल." कसली पुडी, मी विचारलं.

"आंबे पिकवायची."