आर छोटा की मोठा, एकदाचं ठरवा ना!

आज लॅबमध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या टाईप करायच्या कमांड शिकवताना तिसऱ्यांदा एका नव्या मुलीला सांगितलं की सीपी या कमांडने फोल्डर आतल्या सगळ्यासकट कॉपी करताना पुढे ऑप्शन म्हणून छोटा आर चालतो, पण तसंच आतल्या सगळ्याच्या परवानग्या बदलायच्या तर सीएचमॉडला मोठाच आर लागतो, छोटा दिलास तर वाचायची परवानगीच उडते. ती म्हणाली, "सर, असं का?" काय सांगू तिला? फाईलींची यादी दाखवणाऱ्या एलएसला छोटा आर दिला की यादी उलटी होते, पोर्टचा नंबर सांगायला दुसऱ्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या एसएसएचला छोटा पी आणि तिकडे फाईल कॉपी करणाऱ्या एससीपीला मोठा पी, अरे कोणी लक्षात ठेवायचं हे सगळं आणि कशासाठी?

१९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये युनिक्स सुरू झालं, तेव्हा टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर छापणाऱ्या टाइपरायटरसारख्या मशीनवर, एकेक अक्षर बडवावं लागायचं म्हणून दोन-दोन अक्षरांची नावं, हे समजू शकतो. पण आता कुठेय टेलिटाइप? जोडलेली डिस्क सोडवायची कमांड 'यूमाउंट', त्या अनमाउंटमधला पहिला एन गाळून काय वाचवलं? आणि ते फाईल पुसणारं आरएम! कचरापेटी नाही, विचारणं नाही, पोराचा अख्खा प्रोजेक्ट गेला तरी स्क्रीनवर एक शब्द नाही!

वर जुनी मंडळी म्हणणार, मॅन पेज, म्हणजे कमांडचं माहितीपत्रक, वाच. वाचलं हो! फाईलींचं गाठोडं बांधणाऱ्या-सोडवणाऱ्या टारचं उघडून बघा, ऑप्शनांची ही लांबलचक रांग, आणि पोराला फक्त आलेली फाईल सोडवायचीय. सुरुवातीलाच दोन साधी उदाहरणं टाकायला काय जातं? मुलं मठ्ठ नाहीयेत, तरी दर वेळी ऐकून त्यांनीच घ्यायचं, तिथेच माझं डोकं फिरतं.