‘लेबल म्हणजे मुस्कटदाबी’? आधी लेबल काय करतं ते बघा

‘फॅक्ट-चेकचं लेबल ही मुस्कटदाबी आहे, त्याने घटनेने दिलेला हक्क हिरावला जातो, आणि फेसबुकच्या झुकेरबर्गनेही हे मान्य करून तो प्रकार बंद केला,’ असा मजकूर खूप फिरतो. यातलं एकेक विधान तपासू.

मुस्कटदाबी? फेसबुकवरचा मजकूर खरा की खोटा हे बाहेरच्या फॅक्ट-चेक संस्था तपासतात. एखादा फोटो ‘खोटा’ ठरला की त्यावर करडा पडदा येतो. तिथेच फॅक्ट-चेकच्या लेखाची लिंक असते आणि फोटो बघायचं बटणही. बटण दाबा, फोटो दिसतो. तुमच्या मजकुरातला काना-मात्राही बदलत नाही. पोस्ट काढण्याचा अधिकार फॅक्ट-चेक संस्थांना नाहीच. ती काढायची तर फेसबुकची मालक कंपनी मेटा वेगळ्या नियमांखाली काढते.

मात्र एक तक्रार रास्त आहे. ‘खोटं’ किंवा ‘फेरफार केलेलं’ असा शेरा मिळाला की पोस्टची रीच, म्हणजे ती किती लोकांना दिसते ते, घटते आणि हे वारंवार झालं तर अख्ख्या पेजची. भांडायचं तर याच्यावर भांडावं: किती घटवली, किती काळ, आणि हे पेजच्या मालकाला कळवलं का. लेबल आणि रीच या दोन गोष्टी एकात कालवल्या की मूळ तक्रारच बोथट होते.

घटनेचा हक्क? अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९(१)(अ) मुख्यतः सरकारला आवर घालतं. २०२३च्या कौशल किशोर निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने हा हक्क खाजगी पक्षांविरुद्धही मागता येतो असं म्हटलं, हे खरं. पण मग बोलणं अडवलं गेलं हे दाखवावं लागेल, आणि लेबल हे तर तुमच्या बोलण्याला दिलेलं उत्तर आहे. उत्तर देणाऱ्यालाही तोच हक्क आहे.

खरी मुस्कटदाबी कशी दिसते, ते मुंबई उच्च न्यायालयातल्या खटल्यात दिसलं. एप्रिल २०२३च्या आयटी नियमांतल्या दुरुस्तीनुसार केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा की दिशाभूल करणारा, हे सरकारचाच कक्ष ठरवणार होता. तसा मजकूर ठेवला तर सोशल मीडिया कंपनीचं आयटी कायद्यातल्या कलम ७९चं कवच, म्हणजे वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी तिला जबाबदार न धरण्याची तरतूद, धोक्यात. इथे आरोपीच न्यायाधीश, आणि कवच जाण्याच्या भीतीने कंपनी मजकूर उडवणार. स्टँड-अप कॉमेडियन कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर जानेवारी २०२४मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायाधीश अतुल चांदूरकर यांनी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

झुकेरबर्ग? ७ जानेवारी २०२५च्या त्यांच्या घोषणेत फॅक्ट-चेक बंद करण्याची सुरुवात अमेरिकेपासून होती. फॅक्ट-चेकर राजकीयदृष्ट्या पक्षपाती असल्याचा आरोप त्यांनी केला, पण फॅक्ट-चेकरच्या जागी आणल्या त्या कम्युनिटी नोट्स, म्हणजे पोस्टखाली पुन्हा टीपच, फक्त वापरकर्त्यांनी लिहिलेली. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या वापरकर्त्यांनी ती उपयुक्त मानली तरच ती दिसते. त्यामुळे वादाच्या विषयावर टीप अनेकदा उशिरा येते किंवा येतच नाही.

लेबल चुकीचं लागलं तर? मेटाकडे नुसती तक्रार करून भागत नाही. शेरा देणाऱ्या संस्थेलाच लिहा. पोस्टची लिंक, मूळ कागद किंवा पूर्ण व्हिडिओ, आणि त्यांच्या लेखातलं नेमकं कोणतं वाक्य चुकलं ते द्या. चूक तुमची असेल तर आधी पोस्ट दुरुस्त करा आणि तसं कळवा. ‘हे माझं मत आहे’ एवढ्याने शेरा उठत नाही, कारण तपासला जातो तो मतात गुंफलेला आकडा किंवा फोटो. खोटा फोटो उघडा पाडण्यासाठी तुम्ही तोच टाकला असेल, तर सारख्या प्रतिमा जुळवणारी यंत्रणा तुम्हालाही त्यात धरू शकते. म्हणून फोटोवरच मोठ्या अक्षरांत ‘खोटा’ लिहून मग तो टाका.