डेव्ही क्रॉकेट कसा विकावा

लीडरशिपवर भाषणं ठोकून पोट भरायचंय? मग डेव्ही क्रॉकेट घ्या, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन शिकारी आणि खासदार. मेलेला आहे, परदेशी आहे, आणि समोरच्यांनी काही वाचलेलं नसतं. गेल्या शनिवारी ऑफिसने आमची सुट्टी खाऊन हाच पाजला, म्हणून अनुभवाने सांगतो.

सुरुवात केसाळ टोपीने करा. आमचे ट्रेनर साहेब तर ती घालूनच स्टेजवर आले.

मग अस्वलं. वर्षभराच्या आत 105 मारली, असं तो स्वतःच सांगायचा. तुम्ही मोजायला जाऊ नका.

पुरात त्याची गिरणी आणि दारूभट्टी वाहून गेली, ते गाळा. कर्जबाजारी हिरोला टाळ्या पडत नाहीत.

1830 साल तर स्लाइडवर येऊच देऊ नका. नाहीतर सांगावं लागेल, की चेरोकी, क्रीक वगैरे मूळ अमेरिकन जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलायचा कायदा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने रेटला, प्रतिनिधिगृहात तो 102 विरुद्ध 97 मतांनी निसटता पास झाला, आणि टेनेसीच्या खासदारांत विरोधात मत देणारा क्रॉकेट एकटा. जॅक्सनही टेनेसीचाच! 1813 च्या क्रीक युद्धात क्रॉकेट त्याच्याच फौजेत होता. टॅलुशॅची या क्रीक गावात माणसांसकट घर जाळलं, हे त्याने पुढे आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवलंय. संत नव्हता हो तो. तरी मत दिलं. 1831 ला निवडणुकीत पडला. पश्चिम टेनेसीतल्या गरीब शेतकऱ्यांना कसत्या जमिनी मिळाव्यात म्हणून विधेयक वर्षानुवर्षं लावून धरलं, तेही पास झालं नाही. मी हात वर करून यातलं थोडंसं बोललो, तर साहेब म्हणाले, "सर, निगेटिव्ह नका होऊ."

निगेटिव्ह!

शेवट अर्थातच अलामो, टेक्सासातला तो किल्ला जिथे तो मेला, 6 मार्च 1836, मागे ढोलताशे. त्याआधी 1835 ला लाकडी पायाच्या अ‍ॅडम हंट्समनकडून हरला आणि वैतागून टेक्सासला निघाला, हे कुणाला हवंय?

अहो, थोडी तरी लाज? 'आधी आपण बरोबर आहोत याची खात्री करा, मग पुढे चला' हे त्याचं ब्रीद तुम्ही आमच्या सेल्स टार्गेटला चिकटवलंत. ज्या मतापायी तो स्वतःच्या राज्यात एकटा पडला, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि सांगितल्यावरही ऐकायचं नव्हतं. तासाचे जेवढे घेता त्यात त्याचं आत्मचरित्र येतं, वाचा की. आणि ती टोपी काढा आधी.